परळची न्यूरोसर्जरी : केईएम रुग्णालयातील मेंदूशस्त्रक्रिया विभागाची वाटचाल

१९२६ साली परळला केईएम रुग्णालय आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं, ते एका अटीवर. गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना बजावलं होतं की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीय असतील आणि ते सरकारी नोकरीतले नसतील. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून होतं, पण तिथल्या वरच्या जागा बहुतांशी गोऱ्या अधिकाऱ्यांकडे. भारतीय डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याची मजल सहसा मदतनिसापर्यंतच. ही सल मनात धरून परळची संस्था निघाली आणि डॉ. जीवराज मेहता तिचे पहिले अधिष्ठाता झाले. न्यूरोसर्जरीचा विभाग त्यानंतर तीसेक वर्षांनी आला. तरीही त्याचा इतिहास इथूनच सुरू करायला हवा. आपल्या रुग्णाचा आजार आपल्या डॉक्टरांनी स्वतः नीट पाहावा आणि त्यातून जे कळेल ते जगापुढे ठेवावं, ही उमेद त्या अटीतच होती. विभागाने पुढे जे मोलाचं काम केलं ते त्या उमेदीला जागूनच केलं, असं मी मानतो.

देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग १९४९ मध्ये वेल्लोरला सुरू झाला. डॉ. जेकब चांडी माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे शिकून परतले होते. पुढच्याच वर्षी मद्रासच्या सरकारी रुग्णालयात डॉ. बी. राममूर्ती यांनी काम सुरू केलं. १९५१ मध्ये या दोघांनी डॉ. बलदेव सिंग आणि डॉ. एस. टी. नरसिंहन यांना बरोबर घेऊन ‘न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. चार माणसांची संस्था, आणि देश एवढा मोठा. मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी या शास्त्राची मुहूर्तमेढ रोवली. जे.जे. रुग्णालयात पुढे डॉ. गजेंद्र सिंह यांनी हे काम वाढवलं, आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात केईएममध्ये ही जबाबदारी डॉ. होमी दस्तूर यांच्याकडे आली. त्याआधी डोक्याला मार लागलेला किंवा मेंदूत गाठ झालेला रुग्ण जनरल सर्जनच्या वॉर्डात दाखल व्हायचा, आणि पुष्कळदा तिथेच त्याचा प्रवास संपायचा.

आज पाच मिनिटांत सीटी स्कॅन हातात पडतो, त्यामुळे दस्तूर यांच्या पिढीचं काम कसं चाले याची कल्पना नव्या निवासी डॉक्टरांना येत नाही. मेंदू दिसतच नव्हता. कवटीच्या साध्या एक्स-रेत हाड दिसायचं, आतलं काही नाही. मग आत काय आहे हे बाहेरून ताडायचं. हातोडीने गुडघ्याचा झटका पाहायचा, टाचणीने संवेदना कुठवर आहे ते तपासायचं, डोळ्याच्या पडद्यावर सूज आहे का ते ऑफ्थॅल्मोस्कोपने बघायचं, आणि या खुणांवरून गाठ उजवीकडे की डावीकडे, पुढे की मागे, याचा अंदाज बांधायचा. अंदाज पक्का करायला दोन वाटा होत्या. एकीत कवटीला भोक पाडून मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये हवा भरायची आणि एक्स-रे काढायचा. ही रीत अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये काढली. दुसरी पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये दाखवलेली. मानेतली मोठी रोहिणी बोटाखाली दाबून धरायची, तिच्यात सुई घालायची, एक्स-रेत दिसणारं औषध झपकन सोडायचं आणि त्याच क्षणी चित्र घ्यायचं. क्षण चुकला की औषध पुढे निघून जायचं आणि सगळं पुन्हा. चित्रातल्या रक्तवाहिन्या आपल्या जागेवरून सरकलेल्या दिसल्या की समजायचं, इथे काहीतरी त्यांना ढकलतंय. ते काहीतरी काय आहे ते कवटी उघडल्यावरच कळायचं.

परळमध्ये ते काहीतरी फार वेळा क्षयाची गाठ असायची.

याला कारण परळ. रुग्णालयाच्या चहूबाजूंना गिरणगाव. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणीकामगार दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा जणांबरोबर पाळीपाळीने झोपायचा, खानावळीत जेवायचा, कापसाची धूळ छातीत घ्यायचा. अशा वस्तीत क्षय एकाला झाला की खोलीभर पसरायचा. तो फुप्फुसातून मेंदूत शिरला तर दोन रूपांत दिसे. एकात मेंदूच्या आवरणांना सूज येई, दुसऱ्यात मेंदूत घट्ट, पिठूळ गाठ तयार होई. इंग्लंड-अमेरिकेतल्या ज्या पुस्तकांवर आपले डॉक्टर शिकले, त्यांत या गाठीला जेमतेम जागा होती. तिकडे मेंदूतली गाठ म्हटली की आधी ग्लायोमाचा, म्हणजे मेंदूच्याच पेशींतून वाढणाऱ्या अर्बुदाचा, विचार व्हायचा. इथल्या टेबलावर मात्र वेगळंच चित्र होतं. दस्तूर यांनी डॉ. ए. डी. देसाई यांच्यासोबत क्षयाच्या गाठीचे १०७ आणि ग्लायोमाचे १०७ रुग्ण समोरासमोर ठेवून त्यांची तुलना केली. तो लेख १९६५ मध्ये लंडनच्या ‘ब्रेन’ या नियतकालिकात छापून आला. ज्या काळात महापालिकेच्या रुग्णालयात फिल्मसुद्धा जपून वापरावी लागे, त्या काळात केस पेपर नीट लिहून, सांभाळून, त्यांतून एवढं काम उभं करणं ही साधी गोष्ट नव्हती. विभागाच्या इतिहासात मला हा लेख पहिल्या मानाचा वाटतो.

आवरणांच्या या सुजेचं, म्हणजे क्षयाच्या मेनिंजायटिसचं, दुखणं लहान मुलांत जास्त. मूल आधी चिडचिडं होतं, मग सुस्त, मग डोळे तिरळे, मग बेशुद्ध. आवरणांना आलेल्या सुजेमुळे मेंदूतल्या पाण्याची वाट बुजते, पोकळ्या फुगतात आणि दाब वाढत जातो. नुसती औषधं देत बसलं तर मूल हातचं जातं, म्हणून पाण्याला दुसरी वाट काढून द्यावी लागते. ती वाट म्हणजे शंट : मेंदूतून निघणारी, झडप असलेली बारीक नळी. त्या काळात ती हृदयाच्या कप्प्यात सोडत, आता सहसा पोटाच्या पोकळीत सोडतात. मुंबईचेच डॉ. सनत भगवती यांनी क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये असा शंट घालण्याबद्दल १९७१ मध्ये ‘जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी’त लिहिलं. परदेशी बनावटीचा शंट परवडत नाही म्हणून मूल परत न्यायची पाळी आईबापांवर यायची. पुढे भारतातच उपाध्याय आणि छाबडा यांच्या बनावटीचे स्वस्त शंट निघाले आणि ही अडचण बरीच हटली. सार्वजनिक रुग्णालयाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय झाली.

सीटी स्कॅन आल्यावर क्षयाच्या गाठींचा हिशेबच बदलला. गाठ कवटी न उघडता दिसू लागली आणि औषधं सुरू केल्यावर ती महिन्यामहिन्याने विरघळतानाही दिसू लागली. रिफाम्पिसिनसारखी औषधं हाताशी आली होतीच. ज्या गाठीसाठी पूर्वी शस्त्रक्रिया ठरलेली, ती आता बहुतेक वेळा गोळ्यांवर बरी होते. सर्जनने हातातली सुरी खाली ठेवायला शिकणं हीसुद्धा प्रगतीच असते, आणि विभागाने ती मोकळेपणाने स्वीकारली.

कॅज्युअल्टीचा भार मात्र कधी हलका झाला नाही. लोकलच्या दारातून पडलेला, रूळ ओलांडताना धडक बसलेला, बांधकामाच्या परांचीवरून कोसळलेला, दुचाकीवर हेल्मेट न घालता निघालेला, असे रुग्ण चोवीस तास येतात. १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट असोत की २९ सप्टेंबर २०१७ ची एल्फिन्स्टन रोड स्थानकातली चेंगराचेंगरी, गाड्या परळकडेच वळल्या. डोक्याच्या दुखापतीत सर्वांत फसवा प्रकार कवटी आणि मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठण्याचा. माणूस पडतो, क्षणभर बेशुद्ध होतो, उठून बसतो, चहा पितो, घरच्यांशी बोलतो. काही तासांनी डोकं ठणकायला लागतं, उलट्या होतात, एका डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि तो कोसळतो. वेळेत कवटी उघडून रक्त काढलं तर हाच माणूस आठवड्याभरात चालत घरी जातो. त्याच्या उलट तऱ्हा म्हाताऱ्या माणसांची. न्हाणीघरात घसरून डोकं आपटल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं. महिन्याभराने आजोबा विसरायला लागतात, एक पाय ओढायला लागतात. घरचे म्हणतात वय झालं. मेंदूवर साकळलेलं जुनं रक्त एकदोन भोकांतून काढलं की तेच आजोबा दुसऱ्या दिवशी नातवाला नावाने हाक मारतात. हे वाचणाऱ्या प्रत्येक घराने या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

डॉ. सुनील पंड्या यांच्या काळात विभागाला वेगळं वळण लागलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले पंड्या जे.जे.मधून परळला आले आणि १९९८ मध्ये निवृत्त होईपर्यंत इथेच राहिले. शल्यविशारद म्हणून त्यांचा दरारा होताच, पण त्यांचं खरं वेगळेपण लेखणीत आणि नीतिविचारात होतं. वैद्यकातल्या गैरप्रकारांवर, कट प्रॅक्टिसवर, रुग्णाला अंधारात ठेवण्याच्या सवयीवर ते उघडपणे बोलत. १९९३ मध्ये काही समविचारी डॉक्टरांसह त्यांनी वैद्यकीय नीतीला वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं आणि त्याचं पहिलं संपादन केलं. आज ते ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ या नावाने निघतं. मेंदूचं शास्त्र आणि नीती यांचा संबंध वरवरचा नाही. मेंदू मृत झाला म्हणजे काय, श्वसनयंत्र कधी काढायचं, अवयव कोणाचे आणि कोणाच्या संमतीने घ्यायचे, हे प्रश्न सर्वांत आधी न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात उभे राहतात. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली, पण कायद्यातला शब्द नातेवाइकांना समजेल अशा मराठीत, हिंदीत, गुजरातीत सांगणं हे काम डॉक्टरचंच राहिलं. पंड्यांनी इतिहासही लिहिला. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे.जे. रुग्णालयाच्या स्थापनेवरचं त्यांचं पुस्तक कागदपत्रांच्या काटेकोर आधारावर उभं आहे. विभागाला नोंदींचं महत्त्व त्यांच्यामुळे दुसऱ्यांदा पटलं.

आता ज्या कामामुळे परळचं नाव जगभरच्या न्यूरोसर्जनांच्या तोंडी बसलं, त्याकडे येतो. कवटी आणि मान जिथे जुळतात त्या सांध्याचं हे काम आहे, आणि त्याची पहिली पायरी आपल्या विभागात घातली गेली नाही. ती जे.जे.मध्ये घातली गेली. तिथले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी मानेच्या पहिल्या दोन मणक्यांतल्या जन्मजात निखळलेपणामुळे मज्जारज्जूवर दाब आलेल्या २८ रुग्णांचा अभ्यास १९६७ मध्ये ‘ब्रेन’मध्ये प्रसिद्ध केला. पहिला मणका ॲटलास, त्याच्यावर कवटी टेकलेली. दुसरा ॲक्सिस, त्याच्यातून दातासारखं टोक वर निघून ॲटलासच्या कड्यात बसतं. मान डावी-उजवीकडे वळते ती या सांध्यामुळे. सांधा ढिला असला तर मान वाकवताच टोक मागे सरकून मज्जारज्जू दाबतं. काहींत ते वर चढून कवटीच्या तळात घुसतं. आपल्या देशात हा विकार पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच जास्त दिसतो.

या रुग्णाची कहाणी ओपीडीत एका वाक्यात सुरू होते : पायातून चप्पल कधी निसटली ते कळत नाही. मग शर्टाची बटणं लावता येत नाहीत, पाय कडक होतात, चालताना तोल जातो. मान आखूड आणि केसांची रेघ खाली उतरलेली. काहींना गरम तव्याचा चटकासुद्धा समजत नाही. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, राजस्थानातून आलेली अशी माणसं परळच्या फुटपाथवर बिऱ्हाड मांडून आपल्या तारखेची वाट पाहतात. एखादं दहा-बारा वर्षांचं पोर खेळताना किरकोळ पडलेलं असतं आणि चारही हातपाय लुळे झालेले असतात.

याच्यावर उपाय म्हणून मणक्यांच्या मागच्या कमानी तारेने बांधायची रीत होती. पण या रुग्णांत पुष्कळदा ॲटलासची कमानच नीट झालेली नसते किंवा अख्खा ॲटलास कवटीला चिकटलेला असतो, मग तार बांधायची कशाला? बांधली तरी ती सैल पडे, तुटे, आणि रुग्णाला महिनोन्‌महिने गळ्यापासून जखडून ठेवावं लागे. टोक वर चढलेलं असेल तर तोंडाच्या मागच्या भिंतीतून जाऊन ते कोरून काढत, आणि मग मागून पुन्हा दुसरी शस्त्रक्रिया.

डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ पासून वेगळी वाट धरली. पुढची-मागची कमान सोडून त्यांनी थेट दोन मणक्यांच्या बाजूच्या सांध्यांकडे मोर्चा वळवला. रुग्ण पालथा, डोक्याला ताण लावलेला. मानेच्या मध्यावर छेद घेऊन स्नायू बाजूला केले की दुसऱ्या मज्जातंतूची गाठ सांध्याच्या आड येते. ती कापली की सांधा समोर दिसतो, पण तिच्याभोवतीच्या शिरांतून भळाभळा रक्त येतं आणि ते धीराने थांबवावं लागतं. बाजूनेच मेंदूकडे जाणारी कशेरुकी रोहिणी वळसा घेते, तीही प्रत्येकात वेगळ्या वाटेने. तिला धक्का लागला तर संपलंच. सांध्यातली कूर्चा खरवडून तिथे कमरेच्या हाडाचे तुकडे भरायचे. मग वरच्या आणि खालच्या मणक्याच्या जाड भागात एकेक स्क्रू बसवून ते पट्टीने जोडायचे. दोन्ही बाजूंना हेच. हाड हाडाला धरेपर्यंत स्क्रू आणि पट्टी भार घेतात, आणि रुग्ण थोड्याच दिवसांत उठून बसतो. या पद्धतीचं वर्णन गोयल आणि त्यांचे अस्थिरोगतज्ज्ञ सहकारी डॉ. विजय लाहेरी यांनी १९९४ मध्ये ‘ॲक्टा न्यूरोकिरुर्गिका’त केलं. २००१ मध्ये जर्मनीच्या युर्गेन हार्म्स आणि मेल्शर यांनी पट्टीऐवजी सळी वापरून हीच कल्पना पुढे नेली, आणि आज जगभर ती गोयल-हार्म्स पद्धत म्हणून शिकवली जाते. २००२ मध्ये गोयल यांनी अशा १६० रुग्णांचा लेखाजोखा मांडला. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की कवटीत चढलेलं टोकसुद्धा, सांधा फाकवून मणके पक्के केले की, बऱ्याच रुग्णांत खाली आणता येतं. तोंडातून कोरण्याची पाळी टळते.

हे परळला का घडलं, याचं उत्तर रुग्णसंख्येत आहे, आणि फुकट किंवा नाममात्र खर्चात उपचार देणाऱ्या महापालिकेच्या रुग्णालयात आहे. श्रीमंत देशातल्या सर्जनला वर्षाकाठी असे दोन-चार रुग्ण भेटायचे, इथे ओळ लागायची. पण नुसत्या रांगेने ज्ञान निर्माण होत नाही. त्याच रुग्णांना कित्येकांनी पाहिलं होतं. जुनी रीत अपुरी पडते हे मान्य करून, धोका ओळखून, नवी रीत बसवणं आणि तिचे निकाल प्रसिद्ध करणं हे विभागाचं कर्तृत्व. गोयल यांच्यासोबत डॉ. त्रिमूर्ती नाडकर्णी, डॉ. दत्तात्रय मुझुमदार आणि एम.सीएच.च्या निवासी डॉक्टरांच्या कितीतरी तुकड्यांनी हे काम वाहिलं. याच शहरात शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मूळ गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी कण्याच्या शस्त्रक्रियेचं मोठं काम उभं केलं. महापालिकेच्या रुग्णालयांची ही परंपरा एकत्रच वाचली पाहिजे.

सर्जनांची नावं लेखांवर येतात, पण शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे सिस्टर, मावशी आणि वॉर्डातले मामा काढतात. बेशुद्ध माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, घशातली नळी साफ करायची, पाठीची कातडी लाल होते का ते पाहायचं, नळीतून पातळ पेज द्यायची, आणि नातेवाइकांना हे सगळं शिकवून घरी पाठवायचं. केईएमच्या परिचारिकांनी मेंदूला इजा होऊन अंथरुणाला खिळलेली आपली सहकारी अरुणा शानबाग हिला १९७३ पासून २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, सांभाळलं. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. ती आमच्या विभागाची रुग्ण नव्हती, पण मेंदूला इजा झालेल्या माणसाची सेवा कशी करावी याचा याहून मोठा धडा या इमारतीत दुसरा कुठलाही नाही. रुग्णालयाच्या ब्रीदवाक्याचा अर्थ आहे, स्वतःसाठी नव्हे तर सर्वांसाठी. तो या बायकांनी पाळून दाखवला.

आज विभागात मेनिंजिओमा, पिट्युटरीच्या गाठी, कानाच्या नसेवरच्या गाठी, फुगून फुटलेल्या रक्तवाहिन्या, औषधांना दाद न देणारा अपस्मार, चेहऱ्याची असह्य कळ, पाठीवर फोड घेऊन जन्मलेली बाळं, मेंदूतला पू आणि कृमी, कण्याचा क्षय, असं सगळं येतं. सूक्ष्मदर्शक, दुर्बीण आणि एमआरआय यांच्या जोरावर यांतलं बरंचसं आता बरं होतं. या प्रत्येकावर स्वतंत्र लेख हवा, इथे जागा नाही.

शेवटी एक विनंती. दस्तूर यांचे १०७ आणि १०७, वाडियांचे २८, गोयल यांचे १६० : हे आकडे केस पेपरांतून आले. कोणातरी थकलेल्या रजिस्ट्रारने रात्री दोनला ‘चप्पल निसटते’ हे शब्द लिहून ठेवले म्हणून आले. विभागाच्या माजी विद्यार्थ्यांकडे, निवृत्त सिस्टरांकडे, तंत्रज्ञांकडे जुन्या वह्या, शस्त्रक्रियेच्या नोंदी, काचेच्या स्लाइड, अँजिओग्रामच्या फिल्म, छायाचित्रं घरी कपाटात पडलेली असतील. घर आवरताना ती रद्दीत घालू नका. रुग्णांची नावं झाकून ती विभागाकडे पाठवा, सोबत आठवेल तेवढं एका कागदावर लिहा. आणि आता वॉर्डात असलेल्या निवासी डॉक्टरांनी केस पेपर वाचता येईल अशा अक्षरात लिहावा.